रडणं थांबलं म्हणजे मूल रुळलं का? बालवाडीचे पहिले दिवस, घरची भाषा आणि खेळ

मे महिना संपत आला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या दुकानांत छोटी दप्तरं, पाण्याच्या बाटल्या आणि कार्टूनचे डबे टांगलेले दिसू लागतात. कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्राच्या आधी उघडतात. त्यामुळे पहिल्या पावसाच्या आसपास इथल्या बालवाड्यांच्या फाटकासमोर दरवर्षीचं चित्र उभं राहतं. आत जायला तयार नसलेलं तीन वर्षांचं मूल, आईची ओढणी घट्ट धरलेली त्याची मूठ, "तुम्ही जावा, आम्ही बघतो" म्हणणाऱ्या बाई आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून आतला कानोसा घेणारे आजोबा.

दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलांचं रडणं कमी होतं आणि घरी जाहीर होतं, "रुळलं एकदाचं!" पण रडणं थांबणं आणि रुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही मुलं रडत रडत का होईना, छान रुळत असतात. काही मुलं गप्प बसलेली असतात, पण आतून अजून फाटकापाशीच उभी असतात. हा फरक सीमाभागातल्या, गोव्यातल्या, तसंच वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद इथल्या मराठी घरांनी जरा जास्तच समजून घ्यायला हवा. कारण इथल्या अनेक मुलांना एकाच दिवशी दोन उंबरे ओलांडावे लागतात. एक घराचा आणि दुसरा भाषेचा.

रडणं कशामुळे येतं?

साधारण आठ-नऊ महिन्यांचं झालं की बाळ ओळखीची आणि परकी माणसं वेगळी करू लागतं. आई दिसेनाशी झाली की कावरंबावरं होतं. ही भीती दीड वर्षाच्या आसपासपर्यंत जोरात असते आणि पुढे हळूहळू ओसरते. पण नवी जागा, नवी माणसं समोर आली की तिसऱ्या-चौथ्या वर्षीही ती पुन्हा वर येते. यात लाडावलेपण नाही आणि मूल 'हट्टी' असल्याची खूणही नाही. ज्या माणसावर आपला जीव आहे ते माणूस कोण हे मुलाला नेमकं कळतं, एवढाच त्याचा अर्थ.

तीन वर्षांच्या मुलाची अडचण अशी की त्याला वेळ मोजता येत नाही. "साडेबाराला येते" या वाक्यात त्याच्या हाती काहीच लागत नाही. आई गेली ती परत येणार की नाही, हे त्याला अनुभवातूनच कळावं लागतं. आई गेली, आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. असं पुष्कळदा घडलं की मग विश्वास बसतो.

इंग्लंडमध्ये १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी आईवडिलांपासून दूर रुग्णालयात ठेवलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीवर छोटा चित्रपट केला. ती मुलगी फारशी आरडाओरड करत नाही. बहुतेक वेळ स्वतःला सावरून असते. पण तिचा चेहरा आणि अधूनमधून निघणारी आईची आठवण पाहिली की शांत मूल म्हणजे समाधानी मूल हा समज टिकत नाही. या चित्रपटामुळे आजारी मुलांच्या भेटीच्या वेळांबद्दल तिथे मोठी चर्चा झाली. तीन तासांची बालवाडी आणि रुग्णालयातला मुक्काम यांची बरोबरी होत नाही हे खरं. तरी त्यातला धडा बालवाडीलाही लागू पडतो. मोठ्याने रडणाऱ्या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या, डबा न उघडणाऱ्या, कोणाकडे न बघणाऱ्या मुलाकडे कोणाचं जात नाही. "हा काही त्रासच देत नाही हो" अशी शाबासकी मात्र त्याला मिळते.

मग रुळल्याची खूण कोणती? मूल पडलं, घाबरलं किंवा त्याला आईची आठवण आली की ते बालवाडीतल्या एखाद्या मोठ्या माणसाकडे जातं आणि त्या माणसाच्या जवळ घेण्याने शांत होतं. ही मुख्य खूण. सकाळी फाटकात पाच मिनिटं रडून नंतर बाईंच्या कडेवर बसून पाऊस बघणारं मूल रुळायच्या वाटेवर आहे.

सोडायचं, पण टप्प्याटप्प्याने

जर्मनीत पाळणाघरं आणि बालवाड्यांमध्ये गेली काही दशकं 'बर्लिन पद्धत' नावाने ओळखली जाणारी रीत वापरली जाते. तिचा गाभा सोपा आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर तासभर वर्गात बसतात आणि त्या दिवसांत मुलाला सोडून जायचा प्रयत्नच करत नाहीत. चौथ्या दिवशी पालक मुलाला सांगून काही मिनिटं बाहेर जातात. मूल रडलं आणि बाईंच्या समजावण्याने शांत झालं, तर दुसऱ्या दिवशी वेळ थोडी वाढते. शांत झालं नाही, तर घाई न करता आणखी काही दिवस पालक सोबत बसतात. किती दिवस लागणार हे कॅलेंडर ठरवत नाही, मूल ठरवतं.

आपल्याकडे एका वर्गात तीस-चाळीस मुलं आणि प्रत्येकाची आई आत, हे जमणार नाही, असं बालवाडीच्या बाई म्हणतील. त्यात तथ्य आहे. पण मधला रस्ता निघतो. सगळ्या नव्या मुलांना एकाच दिवशी न बोलावता पाच-सहाच्या गटाने बोलवायचं. पहिला आठवडा एकच तास ठेवायचा. शाळा उघडण्याआधी एकदा रिकाम्या वर्गात मुलाला आणून घसरगुंडी, नळ आणि मोरी दाखवायची. पालकांनी प्रवेश घेतानाच हे विचारून ठेवलं तर बाईंनाही आखणी करता येते. यासाठी जास्तीचे पैसे लागत नाहीत, चार दिवसांचा धीर लागतो.

घरच्यांच्या हातात असलेल्या काही गोष्टी अशा:

न सांगता सटकू नये. मूल खेळात रमलं की मागच्या दाराने निघायचं, हा सल्ला घरोघरी मिळतो. त्याने त्या दिवशीचं रडणं वाचतं खरं. पण आई कुठल्याही क्षणी नाहीशी होऊ शकते हे मुलाला कळतं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते खेळायचंच सोडतं. डोळा आईवर ठेवून बसतं.

निरोप छोटा आणि रोज सारखाच असावा. एक पापा, एक टाळी, "येते हं" आणि निघायचं. दहा वेळा वळून बघितलं, पुन्हा आत येऊन समजावलं, की मुलाला वाटतं आईलाही इथे काहीतरी धोका दिसतोय.

वेळ घटनांमध्ये सांगावी. "डबा खाल्लास, गोष्ट ऐकलीस, की आजी फाटकात उभी असणार." आणि आजी खरंच उभी असावी. पहिल्या पंधरवड्यात दहा मिनिटांचा उशीरही मुलाला फार मोठा वाटतो.

घरची एक वस्तू बरोबर द्यावी. आजीच्या जुन्या लुगड्याचा रुमालाएवढा तुकडा चालतो. त्याला घरचा वास असतो.

शाळेची धमकी देऊ नये. "ऐकत नाहीस ना? थांब, बाईंना सांगते" असं वर्षभर ऐकलेलं मूल बाईंच्या कडेवर आनंदाने कसं जाईल?

सोमवारी, आजारपणानंतर किंवा गणपतीच्या सुट्टीनंतर रडणं परत आलं तर घाबरू नये. रुळणं सरळ रेषेत होत नाही.

'पाणी' कोणत्या भाषेत मागायचं?

आता दुसरा उंबरा. तहान लागलेल्या मराठी मुलाने वडोदऱ्यात 'पाणी' म्हटलं तर बाईंना कळतं. इंदूर-ग्वाल्हेरला 'पानी' हा शब्द शेजारचाच आहे. पण बेळगावच्या कन्नड बालवाडीत तेच 'नीरु' होतं, हैदराबादच्या तेलुगू वर्गात 'नीळ्ळु', गोव्यात कोकणी बोलणाऱ्या बाईंसाठी 'उदक' आणि इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत सगळीकडे 'वॉटर'. मोठ्या माणसाला ही गंमत वाटते. तीन वर्षांच्या मुलासाठी मात्र प्रश्न खरा असतो. घसा कोरडा पडलाय आणि आपल्याला येणारा शब्द इथे चालत नाही.

पाण्याचं तरी खुणेने भागतं. 'शू लागली' हे कळलं नाही की चड्डी ओली होते, बाकीची मुलं बघतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं. घरी मग शोध सुरू होतो, कोणी मारलं का, कोणी ओरडलं का. बहुतेक वेळा कोणीच काही केलेलं नसतं. फक्त त्या खोलीत त्याचा एक शब्द समजणारं कोणी नसतं.

नव्या भाषेच्या वर्गात गेलेली लहान मुलं साधारण एका ठरावीक क्रमाने पुढे जातात. आधी ती घरचीच भाषा बोलत राहतात. ती कोणाला कळत नाही असं लक्षात आलं की गप्प होतात. हा गप्प काळ काही आठवड्यांचा असतो, कधी काही महिन्यांचाही. या काळात मूल ऐकत असतं, ओठ हलवून बघत असतं, खुणांनी काम भागवत असतं. मग एकेक तयार तुकडा बाहेर पडतो. 'नीरु बेकु', 'साकु', 'बाय मिस'. त्यानंतर स्वतःची मोडकीतोडकी वाक्यं येतात. या गप्प काळात "बोल ना, इंग्लिशमध्ये सांग ना" असा लकडा लावला तर तो काळ लांबतो.

इथेच एक चुकीचा सल्ला पालकांना हमखास मिळतो, "आता घरीही इंग्लिशच बोला, म्हणजे पटकन पिकअप करेल." असं केलं तर मुलाच्या हातची एकमेव पक्की भाषाही सुटते. आई-बाबांचं अडखळतं इंग्रजी ऐकून मुलाचं इंग्रजी सुधारत नाही. मात्र मराठीत गोष्ट ऐकणं, कारण विचारणं, भांडणं, हट्ट करणं बंद झालं की त्याचा विचार करायचा सरावच कमी होतो. एका भाषेत 'मोठा-लहान', 'आधी-नंतर', 'का-म्हणून' पक्कं झालं की दुसऱ्या भाषेत मुलाला फक्त नवे शब्द शिकायचे उरतात. कल्पना नव्याने शिकाव्या लागत नाहीत. घरात मराठी आणि शाळेत कन्नड किंवा इंग्रजी यामुळे मुलाचा गोंधळ उडतो, ही भीतीही अनाठायी आहे. तीन भाषा कानावर पडत वाढलेली माणसं सीमाभागात गल्लोगल्ली आहेत.

माध्यम कोणतं निवडायचं हा प्रत्येक घराचा निर्णय. पण एक गोष्ट माहीत असलेली बरी. राज्यभाषा सक्तीने शिकवण्याचे जे कायदे आहेत, म्हणजे कर्नाटकचा २०१५ चा, तेलंगणाचा २०१८ चा आणि गुजरातचा २०२३ चा, ते पहिलीपासूनच्या वर्गांसाठी आहेत. नर्सरीत मुलाशी त्याच्या घरच्या भाषेत दोन शब्द बोलायला हे कायदे आडवे येत नाहीत. उलट २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची किंवा मातृभाषा वापरावी असंच म्हणतं.

म्हणून पहिल्याच दिवशी डब्याबरोबर एक अर्धं पान द्यावं. त्यावर मुलाचे सात-आठ शब्द, तेही घरात जसे वापरतात तसेच लिहावेत. तहान लागली की काय म्हणतो, शू-शीला काय म्हणतो, दुखलं की 'बाऊ' म्हणतो का, भुकेला 'मंमं' म्हणतो का, घरात कोणत्या नावाने हाक मारतात, कोणाची आठवण काढून रडतो. समोर बाईंच्या भाषेत अर्थ. बाईंना देवनागरी येत नसेल तर शब्द कन्नड, तेलुगू किंवा रोमन लिपीत कोणाकडून तरी लिहून घ्यावा. आणि एक चौकशी जरूर करावी, या बालवाडीत मराठी कळणारं कोण आहे? बऱ्याच ठिकाणी वर्गाच्या बाईंना मराठी येत नसते, पण मदतनीस मावशींना किंवा रिक्षावाल्या काकांना येते. मुलाची पहिली ओळख त्यांच्याशी करून द्यावी. एका माणसाला आपलं बोलणं कळतं एवढ्या आधारावर मूल बाकीची खोली हळूहळू पायाखाली घालतं.

"नुसतं खेळवतात, शिकवत काहीच नाहीत"

मूल जरा स्थिरावलं की पुढची तक्रार सुरू होते. शेजारच्या नर्सरीतलं मूल ए ते झेड म्हणतं, आमच्याकडे अजून मातीच चालू आहे. या तक्रारीचं उत्तर त्या मातीतच आहे.

शाडूची किंवा शेतातली ओली माती मळताना, तिच्या गोळ्या आणि वळ्या करताना बोटांना आणि तळहाताला जोर येतो. पुढे पेन्सिल धरायला लागतो तो हाच. माणसाच्या मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात. ती एकामागून एक कठीण होत जातात आणि शेवटचं हाड तयार व्हायला आठ ते बारा वर्षं वय उजाडतं. बोटांच्या बारीक हालचालींवरचा ताबाही हळूहळूच येतो. तीन वर्षांच्या मुलाकडून चार रेघांच्या वहीत पानभर 'अ' गिरवून घेतला की अक्षर सुधारत नाही. हात दुखतो, आणि लिहिणं म्हणजे शिक्षा हे मात्र लवकर शिकून होतं.

चिंचोके, शेंगांची टरफलं, बाटल्यांची झाकणं यांचे ढीग करताना मूल वर्गीकरण शिकतं. 'हे सारखे, हे वेगळे' हा गणिताचा पाया आहे. "प्रत्येक बाहुलीला एकेक चिंचोका दे" म्हटलं की एकास एक जोडी जुळवणं येतं. ते आलेलं नसेल तर शंभरपर्यंत पाठ म्हटलेले आकडे हे नुसतं गाणं असतं.

भातुकलीत एकजण आई होते, एकजण भाजीवाला. तव्यावर नसलेली भाकरी असल्यासारखी भाजली जाते. पानाला भाकरी समजता येणं आणि कागदावरच्या रेघेला 'भ' समजता येणं या एकाच पायरीच्या दोन बाजू आहेत. दोन्हीकडे एक वस्तू दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभी असते. शिवाय "आता माझी पाळी" म्हणून थांबणं, रुसणं, समेट करणं हे सगळं त्याच खेळात. आणि भाषेचं म्हणाल तर नवी भाषा मुलांना सर्वात आधी भातुकलीतच येते. तिथे चुकलं म्हणून कोणी हसत नाही आणि प्रत्येक शब्दाबरोबर वस्तू समोर असते.

बादलीतलं पाणी लहान-मोठ्या भांड्यांत ओतताना 'जास्त-कमी' कळतं. बडबडगीतांच्या यमकांतून शब्दांचे आवाज सुटे ऐकू येऊ लागतात, आणि पुढे वाचायला शिकताना याच सुट्या आवाजांची गरज पडते.

याचा अर्थ मुलांना मोकळं सोडून बाईंनी रजिस्टर भरत बसावं असा नाही. खेळातून शिकणं घडतं ते बाईंच्या एका बारीकशा प्रश्नामुळे. "तुझ्या दुकानात पाच झाकणं आहेत, गिऱ्हाईक दोनच आले, आता काय करूया?" एवढं विचारून बाजूला व्हायचं. साहित्य काय ठेवायचं, कधी बदलायचं, कोणतं मूल अजून कडेला उभं राहून नुसतं बघतंय, हे सगळं त्यांनी ठरवायचं असतं. काठावर उभं राहून बघणं हाही रुळण्याचाच एक टप्पा आहे, त्याला हात धरून ओढायची गरज नसते.

एक खबरदारी मात्र घ्यावी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोके, मणी असं बारीक सामान देऊ नये. ते नाकात किंवा घशात अडकतं. मोठ्या मुलांनाही ते डोळ्यांसमोरच द्यावं. गुंजा आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या दिसायला छान आणि आपल्याकडे पूर्वापार खेळातल्या, पण दोन्ही विषारी आहेत. बालवाडीत त्या नकोतच.

हा विचार परदेशातून आलेलं फॅड नाही

खेळातून शिक्षण म्हटलं की महागड्या नर्सरीची जाहिरात आठवते. पण मराठी माणसांना हा विचार शंभर वर्षं ओळखीचा आहे, आणि तो राज्यांच्या हद्दी ओलांडूनच आलेला आहे. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. ते मूळचे वकील. मारिया माँटेसरी यांच्या विचारांना त्यांनी गुजराती घरांत, गुजराती गोष्टी-गाण्यांत रुजवलं. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथे काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला तो याच कामातून.

पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. बोर्डी गुजरातच्या सीमेला लागून, आजच्या पालघर जिल्ह्यात. तिथल्या गरीब वस्त्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या प्रयोगातला. विकत आणायच्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल शाळेत टिकत नसेल तर आधी शाळेने एक पाऊल पुढे यावं, हे त्या दोघींनी करून दाखवलं. घरच्या अंगणात, घरच्या बोलीत, ओळखीच्या वस्तूंनी सुरुवात. रुळण्याचा याहून सोपा उपाय अजून सापडलेला नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आज कन्नड, तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या गावांतही पाटीवर तेच नाव असतं. खाऊ, लसीकरण, वजन-उंचीच्या नोंदी यांच्याबरोबर ३ ते ६ वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण हेही अंगणवाडीचं कामच आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तर हे स्पष्टच मांडलं आहे. ३ ते ६ वयात पाठ्यपुस्तकं नकोत, परीक्षा नकोत, शिकण्याचं माध्यम खेळ असावं आणि भाषा शक्यतो घरची असावी. त्यामुळे 'आमच्याकडे नर्सरीलाच युनिट टेस्ट असते' हे वाक्य ज्या फलकावर अभिमानाने लिहिलेलं असेल, तिथे पालकांनी दोन मिनिटं थांबून विचार करावा.

बालवाडी निवडताना काय बघावं?

रंगीत भिंती आणि एसी खोलीपेक्षा पुढच्या गोष्टी जास्त कामाच्या आहेत.

किती मुलांमागे एक मोठं माणूस आहे? २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणानुसार ३ ते ६ वयाच्या २० मुलांमागे किमान एक हवं.

खेळणी आणि साहित्य मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर आहे, की कपाटात कुलुपात?

रडणाऱ्या मुलाजवळ बाई खाली बसून बोलतात, की लांबून "चूप" म्हणतात?

मोरी जवळ आणि स्वच्छ आहे का, आणि मुलासोबत तिथे कोण जातं?

पहिल्या आठवड्यात पालकांना थांबू देतात का, आणि मुलाने घरच्या भाषेत बोललं तर काय करतात? "आमच्याकडे मदर टंगला फाइन असतो" असं उत्तर आलं तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

काळजी कधी करायची?

चार-सहा आठवडे नियमित जाऊनही मूल दिवसभर कोणाकडूनच शांत होत नसेल, घरीही नीट खात-झोपत नसेल, सुटलेली अंथरुण ओलं करायची सवय परत येऊन टिकून राहिली असेल, तर बाईंशी निवांत बसून बोलावं. वेळ कमी करून किंवा काही दिवस पुन्हा सोबत बसून बघावं. शाळेत गप्प पण घरात मराठीत अखंड बडबड, हे दोन भाषांच्या मुलांत नेहमीचं आहे. पण मूल घरीही मराठीत वयाच्या मानाने बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, किंवा बरेच महिने उलटूनही शाळेत एक शब्द काढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून आधी कान तपासून घ्यावेत. एका विशिष्ट माणसाचं नाव काढलं की मूल घाबरतं, अंगावर वळ दिसतात, असं असेल तर 'रुळेल हळूहळू' म्हणून गप्प बसू नये. त्याच दिवशी चौकशी करावी.

आणि रोजचं एक. मूल घरी आलं की "आज काय शिकवलं?" हा प्रश्न त्याला उत्तर नसलेला वाटतो. त्याऐवजी "आज कोणाशेजारी बसलास?", "कोण रडलं?", "माती कुणाच्या डोक्यावर पडली?" असं मराठीत विचारावं. सुरुवातीला उत्तर येणार नाही. मग एखाद्या दिवशी जेवताना मध्येच, न विचारता, एखाद्या नव्या मुलाचं नाव निघेल. कदाचित ते नाव कन्नड असेल, कदाचित तेलुगू किंवा गुजराती. त्या दिवशी घरच्यांनी निर्धास्त व्हायला हरकत नाही.